समुद्र माझ्याकडे आहे

बँडमध्ये समुद्र माझ्याकडे आहे.
म्हणजे एक पसरट डफ, दोन्ही बाजूंनी मढवलेला,
आत पाव किलो मोहरी.
विकतचा, परदेशी समुद्र परवडला नाही.
हा मीच चिकटवला, माझगावच्या गॅलरीत बसून.
तिरका केला की लाट येते,
सपाट धरला की पाणी थांबतं,
आणि हात उगाच हलला तर
मिस्किटा सर चष्म्यावरून बघतात:
"वादळ अजून चौदा बार लांब हाय, बाय."

तालीम चर्चमागच्या हॉलमध्ये.
खुर्च्या लग्नाच्या, पंखा एकच,
नोटेशनच्या झेरॉक्स दमट.
पोसायडन ट्यूबाकडे आहे, म्हणजे मकबूलचाचांकडे.
चाचा वर्षभर वराती वाजवतात;
देव असो की नवरदेव,
एकाच दमात फुंकतात.

सायरन तीन क्लॅरिनेटकडे.
त्या गातात आणि जहाजं खडकावर येतात.
सरांनी हे सांगितलं तेव्हा
पुढच्या रांगेतली रुझान हसली.
मी डफ मांडीवर आडवा धरून बसले.
आमच्याकडे सायरन म्हणजे भोंगा.
गोदीचा, सकाळी सातचा.
तो गायचा आणि बाबा
अर्धी भाकरी ताटात टाकून उठायचे.
बत्तीस वर्षं सुक्या गोदीत
जहाजांच्या पोटावरचा गंज ठोकला,
कानात कापूस कोंबून.
गोष्टीतल्या खलाशांनी मेण घातलं होतं.
मेण बरं असावं.
कापसातून सगळं आत गेलं
आणि मग बाहेरचं काहीच येईना.

गोष्ट मी त्यांना लिहून दाखवली,
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर:
कप्तानाला गाणं ऐकायचं होतं,
म्हणून त्याने स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं.
बाबांनी वाचलं. चष्मा पुसला. परत वाचलं.
"दोर कसला होता?"
मला माहीत नव्हतं.
"मनिला असेल तर भिजून आवळतो. गाठ सुटत नाही.
कुणाकडे सुरी होती का?"
(ते फार मोठ्याने बोलतात.
खालच्या मजल्यावरच्यांना आता
ग्रीक पुराण बऱ्यापैकी येतं.)

कार्यक्रम जानेवारीत, चर्चच्या आवारात.
बाबा आले, इस्त्रीचा सदरा घालून,
आणि मांडलेल्या रांगा सोडून
खुर्ची ओढत थेट मोठ्या ड्रमपाशी जाऊन बसले.
कुणी उठवलं नाही.
ट्यूबातून देव निघाला तसा
त्यांनी तळवा ड्रमच्या लाकडावर ठेवला,
जहाज कुठे पोकळ झालंय
ते बघतात तसा.

पुढे मला एक्केचाळीस बार काम नाही.
मोजत होते. सव्वीस, सत्तावीस,
क्लॅरिनेट ओठांशी गेल्या,
आणि बाबांनी खिशातून कापूस काढला.
नीट दोन बोळे वळले.
एक डाव्या कानात, एक उजव्या.
तळवा तिथेच.

अठ्ठावीस की तिसावा?
माझा समुद्र फार लवकर आला.
सरांनी चष्म्यावरून बघितलं नाही,
फक्त डावा हात किंचित खाली घेतला,
आणि पूर्ण बँड, चाचांसकट,
माझ्या चुकीच्या पाण्यात उतरला.

परतताना जिन्यात दिवा नव्हता.
डफाच्या कडेचा गोंद सुटला असणार,
दुसऱ्या मजल्यापर्यंत मला कळलंच नाही.
वळून बघितलं तर बाबा पायरीवर वाकलेले,
मोबाइलच्या उजेडात
मोहरी वेचून सदऱ्याच्या खिशात टाकत होते,
त्याच, कापसाच्या खिशात.
"फोडणीला होईल," म्हणाले,
सबंध बिल्डिंगला ऐकू जाईल असं.