दोन वॅट

अँप्लिफायर आधीचाच. एका व्हॉल्वचा, दोन वॅट,
तेही चांगल्या दिवशी.
देवघरातला बल्ब त्याहून जास्त खातो.
म्हणून स्पीकर असा हवा होता
की हलक्या हाकेला ओ देईल.

रविवारी जुन्या बाजारात मिळाला एक,
आठ इंची, कागदी कोनाचा,
कुठल्यातरी शाळेच्या भिंतीवरून उतरलेला.
मागे खडूने लिहिलेलं: सातवी ब.
कागदाला चीर होती. विकणारा म्हणाला,
आवाज चुंबकात असतो साहेब, कागदाचं काय घेऊन बसलात!
चहाच्या पिशवीचा तुकडा आणि पांढरा डिंक,
चीर दिसते अजून, वाजत नाही.

टिंबर मार्केटात इनुस मिस्त्रींनी
अठरा एमएमचा प्लाय कापून दिला.
"कोंबड्या ठेवणार का?" एवढंच विचारलं,
कोपरे मात्र असे जुळवले
की पोस्टकार्ड आत जाऊ नये.

पेटीचं आतलं माप मी ज्वारी ओतून घेतलं.
कागदावरचं गणित बेचाळीस लिटर,
ज्वारी म्हणाली एकोणचाळीस.
मी ज्वारीचं ऐकलं.
भुसा चाळण्यात पुढचा अख्खा शनिवार गेला, ते वेगळं.

पहिल्या रात्री सगळे पातेल्यात तोंड घालून बोलत होते,
बातम्यावाली बाई, हवामान, कांद्याचे भाव.
पाइप दोन बोटं कापला. मग अर्धं बोट.
मग जरा जास्तच.
नव्या पाइपसाठी गेलो तर दुकानदार म्हणे, गळती कुठं आहे?
शेवटी एक गोधडी उसवून आत चिकटवली,
तेव्हा कुठे बाई पातेल्यातून बाहेर आली.

हर्षल, माझा भाचा, मिरवणुकीत साउंडच्या भिंती उभ्या करतो.
विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी आला,
दोन्ही कानांत कापूस, मान वाकडी करून ऐकणारा.
कलिंगड पारखावं तशी पेटीवर टिचकी मारली.
"दोन? दोन हजार ना, मामा?"

मी तबल्याची जुनी टेप लावली.
तो फरशीवर बसला, हातभर अंतरावर.
एका कानातला कापूस काढला.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
"मधेमधे टक् वाजतंय, ते काय?"
वीस वर्षं ऐकतोय ती टेप, मला कधी टक् ऐकू आलं नव्हतं.
पुन्हा लावली.
अंगठी असावी. डग्ग्याच्या काठाला लागते, तिहाईच्या आधी.

नीट ऐकू यावं म्हणून मी बटणाकडे हात नेला.
"वाढवू नको," तो म्हणाला.
"थोडा कमीच कर."
कमी केला.
त्याने दुसऱ्या कानातलाही कापूस काढला.