धारोष्ण

रविवारी सहाला, शाळेच्या हॉलमध्ये पांढरी चादर ताणून
मगदूम सर जुने सिनेमे दाखवतात.
या महिन्यात सगळे पिणाऱ्यांचे.
मी शर्टाची वरची गुंडी लावून गेलो,
पाहुण्यांकडं जावं तसा.
कार्यक्रम शेवटी माझ्यावरच होता.

इंद्रजित शेजारी. मी बोलावलं नव्हतं.
‘येतो,’ म्हणाला, आणि गाडीची किल्ली
माझ्या हातातून काढून घेतली, सवयीनं.

पडद्यावर एक पियानो दुरुस्त करणारा.
देखणा. पिऊनही देखणा.
एक बट कपाळावर, बाकी सगळं जागच्या जागी.
त्याला उलटी होत नाही. त्याची विजार…
जाऊ दे.
तो झोकांड्या खातो, भिंतीला धरतो,
आणि उजेड नेमका त्याच्या गालफडावर पडतो.

उठून सांगावंसं वाटलं, अहो,
खरा प्यालेला झोकांड्या खात नाही.
तो सरळ चालतो. फार सरळ.
उद्यमनगरात एकवीस वर्षं लेथवर शाफ्ट काढलेत मी,
केसाएवढा बाक नुसत्या डोळ्यांनी सांगतो.
तसाच यायचो शिफ्टनंतर,
पावलापुढं पाऊल, मापात,
आणि अख्ख्या गल्लीला कळायचं.

मग कुलपाचा प्रसंग.
किल्ली इकडं, कुलूप तिकडं,
तो कुलपाला नमस्कार करतो, हात जोडून विनवतो.
हॉल हसला. मगदूम सर चष्मा काढून हसले.
चांगला प्रसंग आहे, खरंच.
इंद्रजित नखानं खुर्चीचा पत्रा खरवडत होता.
नऊ वर्षांचा असताना स्टुलावर चढून
आतनं कडी काढायचा, आवाज न करता,
आई उठू नये, समोरचे पोवार उठू नयेत.
माझी किल्ली पोचायच्या आत दार उघडं.
त्या बाजूनं कुणी कॅमेरा लावलेला नाही.

पियानोवाला बाटली पियानोतच लपवतो.
बायको वाजवायला बसते,
एक सूर उमटत नाही.
ती तीच पट्टी पुन्हा दाबते.
टक. टक. टक.

शैलजानं गणपतीच्या आदल्या दिवशी
माळ्यावरनं मखराचा खोका उतरवला.
थर्माकोलच्या खांबात काहीतरी हललं.
काही बोलली नाही. बाटली पुसून ओट्यावर ठेवली
आणि खांबांना सोनेरी पट्टी चिकटवत बसली,
रात्री दीडपर्यंत.

नंतरच्या चर्चेत कुणीतरी म्हणालं,
बाटली हे इथं प्रतीक आहे.
मी खाली बघितलं.
प्रतीक एकशे ऐंशीला मिळायचं.
दोन ऑक्टोबरला अडीचशेला, मागच्या दारानं.

घरी जायच्या आधी गंगावेशीत थांबलो.
म्हशी ओळीनं उभ्या.
गवळी समोरच धार काढतो,
फेस काठावरनं बोटांवर येतो.
दोनशे चौदा दिवस झाले,
ग्लास अजून दोन्ही हातांनी धरतो मी.

‘पप्पा,’ इंद्रजित म्हणाला, म्हशीकडं बघत,
‘अजून एखादी जागा राहिलीय का? सांगायची?’

‘तुझ्या किटमध्ये. डाव्या पॅडच्या आत.’

‘म्हायती हुतं,’ तो म्हणाला.
‘म्हणून तर खेळायचं सोडलं.’

म्हशीनं शेपूट झाडली, शिंतोडे उडाले.
चौदा वर्षांचा एक डावखुरा ओपनर
मी आठवून बघू लागलो.
त्याचा स्टान्स कसा होता,
पहिला बॉल तो सोडायचा का मारायचा.
एकही मॅच आठवेना.
पॅडचा वास तेवढा आठवला.

गवळी वळला, चरवी तिरकी धरून:
‘मालक, अजून एक?’

आणि इंद्रजित हसायला लागला.
हॉलमधलं राहून गेलेलं सगळं हसू एकदम,
पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत,
म्हैस बिचकून बाजूला सरली.
मी ग्लास कट्ट्यावर पालथा घातला.
गवळी एकदा त्याच्याकडं बघत होता, एकदा माझ्याकडं,
आपण काय बोललो ते त्याला कळेना.