बांधावरचे दोघे

जतच्या पुढं, जिथं बोलणं हळूहळू कानडी होत जातं,
माझ्या नि मल्लाप्पाच्या रानांमधल्या बांधावर
मी दोन काळे दगड उभे केले.
छिन्नीनं फार काही केलं नाही.
एकाला खांदा दिला,
दुसऱ्याची मान झुकवली,
वारा बोराटीला वाकवतो तेवढीच.
मध्ये चार बोटं फट ठेवली.
ती फट कोरण्यातच सगळा उन्हाळा गेला.

मल्लाप्पा आला.
आठ वर्षांनी भाऊ पहिलं वाक्य बोलला:
"यातला एक माझ्या हद्दीत आहे."
मोजणीदार आला, यंत्राचे तीन पाय मातीत रोवले.
खांद्याचा दगड दीड वीत पलीकडं निघाला.
मग तो तुझा, मी म्हटलं.
तो गप्प.
मोजणीची फी मात्र त्यानंच भरली.

नंतर मेंढरं आली.
सिदूच्या कळपानं अंग घासून घासून
गुडघ्याएवढ्या उंचीवर असा काही गुळगुळीतपणा आणला
की माझ्या पॉलिशपेपरला लाज वाटावी.
फटीत लोकर अडकायची.
ती कुठलं पाखरू न्यायचं,
नाव मला माहीत नाही.

माघात कुणीतरी शेंदूर फासला.
फडकं नि टर्पेंटाइन घेऊन गेले
तर काशव्वा, माझी भावजय,
तिथं नारळ फोडत होती.
"हा देव नाही गं."
"मग कोण आहे?"

तेहतीस वर्षं दगड फोडतेय.
प्रदर्शनात कुणी विचारलं तर पटकन सांगते,
नातं, निसर्ग, अवकाश,
असलं काहीबाही.
काशव्वासमोर जीभ उचलेना.

तिनं खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला,
पदरानं बोटं पुसली.
"हे म्हणतात, मान झुकलेला मी आहे.
मोजणी चुकली म्हणतात."

संध्याकाळी एकटीच बांधावर गेले.
दगड अजून तापलेले होते.
फटीत हात घातला,
माझा बसतो, त्याचा बसणार नाही.
पलीकडच्या कडेला, कमरेच्या उंचीवर,
चुन्याचं बोट पुसलेलं दिसलं,
ताजं, उजवीकडं ओढलेलं.
तंबाखू तो डाव्या हातानं मळतो,
लहानपणी त्यापायी मार खायचा.

फडकं तसंच परत आणलं.