मसला

मौलाना पडद्यापलीकडे होते.
विचारलं त्यांच्या बायकोने,
चुलीवरचं आधण खाली उतरवून:
किती महिने?
मग आवाज आणखी खाली:
आकार होता का?

खिडकीत बाणकोटची खाडी. भांगाचे दिवस.
पाणी धड येतही नाही, जातही नाही.

साडेतीन, मी म्हटलं.
आकाराचं मला काय ठाऊक?
मी वर पाहत होते,
कौलांतल्या एका काचेकडे.
पाहिलं ते बानूखालाने,
आणि लगेच ओढणीने झाकलं.
दिराने रात्रीच नेलं,
कब्रस्तानच्या गडग्याजवळ, उंडीखाली.

मग बानूखालाला बोलावणं गेलं.
ती आली वाळवणावरून उठून,
हाताला जवळ्याचा वास.
किताबात आहे म्हणे:
सुईणीला विचारा.
एवढ्या जाड किताबात, अरबी ओळींमध्ये,
एक सुईण बसून आहे शेकडो वर्षं,
हात धुऊन,
कुणीतरी विचारायला येईल म्हणून.

बानूखाला म्हणाली,
बोटं होती.
तांदळाच्या कणीएवढी.
मोजली नाहीत मी.
पण होती.

पडद्यापलीकडे पान उलटल्याचा आवाज.
निफास.
नमाज माफ, ती फेडायचीही नाही.
रमजानचे जे रोजे सुटतील ते नंतर फेडायचे.
रक्त थांबलं की गुसल.
आमच्यात जास्तीत जास्त साठ दिवस.
सोलापूरची माझी जाऊ म्हणाली,
आमच्यात चाळीसच हो.
दोघींनी बोटांवर मोजून पाहिलं,
आणि मध्येच मोजायचं थांबवलं.

बानूखाला म्हणाली असती नुसती गाठ,
ओळखू न येणारी,
तर हिशेब दुसरा झाला असता.
दवाखान्याच्या कागदावर तारीख आहे आणि माझं वय.
शब्बीरचं जहाज कुठल्या तरी बंदरात;
फोनवर तो म्हणाला, तू बरी आहेस ना,
आणि रेंज गेली.
ते होतं,
असं लिहिलेलं कुठेच नाही.
या माफीत तेवढं आहे.

अजान होते. जाऊ वुजूला उठते.
मी तांदूळ निवडत बसून राहते.
पाच वेळा, रोज,
मी उठत नाही,
म्हणजे ते होतं.

तेविसाव्या दिवशी कापूस पांढरा.
मी त्या काचेखाली गेले,
उजेडाच्या चौकोनात धरून पुन्हा पाहिला.
उलटा केला.
एखादा डाग,
फिका, चहाच्या थेंबाएवढा तरी.

नव्हता.

खाली उधाण चढलेलं,
पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला.
मी विहिरीवरून दोन बादल्या आणल्या.
न्हाणीचं दार लावलं.
असरला अजून वेळ होता.
तेवढा वेळ
मी त्या पाण्याकडे बघत बसले.