डिस्क दोन, मिनिट एकतीस

गुरुवारी रात्री फोन यायचा:
भाटकर, एकशेपंचवीस केव्हीए, लहबाबच्या पुढे,
टायरची हवा कमी करून ये.
कशाला ते विचारायचं नाही. भाडं रोख.

शारजाच्या दहा नंबर इंडस्ट्रियलमधून
मी जनरेटर ओढत न्यायचो
तांबड्या वाळूच्या एका वाटीत.
तिथे आधीच उभी असायची
काळ्या खोक्यांची पुरुषभर भिंत
आणि तिच्यामागे योरिस, रॉटरडॅमचा,
दिवसा एका हॉटेलचे एसी बघणारा,
डोक्याचा गोटा, बोटाला कायम चिकटपट्टी.

संगीत म्हणायचं का त्याला, माहीत नाही.
मिनिटाला एकशेऐंशी ठोके. चाल नाही, बोल नाही.
कानांनी मी ते ऐकलंच नाही कधी,
कानांत कापूस. मी ते काट्यावर बघायचो:
दर ठोक्याला अँमीटरचा काटा दचकायचा,
इंजिन कण्हायचं, सावरायचं, पुन्हा कण्हायचं.
दोनशे जण माझ्या डिझेलवर नाचत होते
आणि मी म्हणत होतो, लोड जास्त आहे.

कोण होते ते?
फिलिपिनो नर्सेस, ड्यूटीचे पांढरे बूट तसेच.
बापाची लँडक्रूझर घेऊन आलेली एक इराणी मुलगी.
बैरुतचे दोन भाऊ. बँकेतला एक केरळी,
टाय कपाळाला बांधलेला.
कुणी कुणाचं नाव विचारायचं नाही,
पाय मात्र सगळ्यांचे एकाच शिफ्टला लागलेले.

योरिस खूण करायचा: आता, इथे
एक ट्रॅक संपला, दुसरा लागला.
कुठे? मला सांधा सापडायचा नाही.
सापडला तर मी कामातून गेलो, म्हणायचा.
मला माझे व्हिसे आठवायचे.
दोन वर्षं, मग दोन, मग आणखी दोन.
थोरली चालायला लागली ती यातल्या कुठल्यात,
पासपोर्ट काढून बघावं लागतं.

मग ती रात्र.
टेकाडावर दोन दिवे. कुणीतरी ओरडलं, शुर्ता!
मी धावत जाऊन लाल बटण दाबलं.

वाळवंट एकदम इतकं मोठं झालं
की मला खोकला आला.

पण ठोका थांबला नव्हता.
अंधारात, एक शब्द न बोलता,
दोनशे जण त्याच हिशोबात वाळू तुडवत होते.
धप, धप, वाळूत जेवढा उमटतो तेवढाच आवाज.
मला काय झालं कोण जाणे,
मी ओरडलो, तेही मराठीत:
अहो, बंद केलाय मी!

दिवे खाली उतरले. जुनी पिकअप,
आत एक बलुची म्हातारा. त्याची सांडणी हरवली होती.
काळसर, डाव्या कानाला खाच. पाहिली का कुणी?
कुणी पाहिली नव्हती.
इराणी मुलीने त्याला पाणी दिलं.
तो थोडा वेळ सगळ्यांचे पाय बघत राहिला.
म्हणाला, एवढी माणसं,
आणि एकालाही सांडणी दिसली नाही.

तो गेल्यावर मी पुन्हा स्टार्टर मारला.
योरिसने पायांकडे बघून वेग लावला.

पुढच्या उन्हाळ्यात त्याचं कंत्राट संपलं.
जाताना दोन डिस्कचा संच दिला, घरीच छापलेला, पन्नास प्रती.
कव्हरवर माझ्या जनरेटरचा सायलेन्सर.
मागे बावीस नावं, एकही उच्चारता न येणारं.
माझं नाही.
पण डिस्क दोन, मिनिट एकतीस:
सगळं तुटतं. वाळू. पाय. एक खोकला.
आणि मग त्या दोन तासांतलं एकमेव वाक्य,
अहो, बंद केलाय मी.

बायकोला फोनवर ऐकवलं,
पंचवीस दिरहमचं अख्खं कार्ड जाळून.
आधी म्हणाली, पिठाची गिरणी घेतलीत की काय?
मग ते मिनिट आलं. ती गप्प.
मागे पुन्हा ठोके सुरू झाले होते.
म्हणाली, हा खोकला कधीपासून आहे?