डब्यात काय

काटोलच्या एसटीत कंडक्टरनं विचारलं,
"डब्यात काय हाय जी?"
म्हटलं, मजूर.
किलोभर. लाल. बिनतिकिटाचे.
तो हसला नाही,
पाय मात्र जरा दूर घेतले.

टिनाच्या शेडखाली वाफा केला.
खाली पऱ्हाटीची कुट्टी, वर बारा दिवसांचं शेण,
त्यावर जुन्या कूलरची वाळ्याची ताटी.
वहिनी म्हणाली, "किड्यायलेही कूलर, बाप्पा!"
संत्र्याच्या साली मी कौतुकानं घातल्या,
त्यांनी तोंड लावलं नाही.
नागपूरकडे येऊन संत्र्याला नाक मुरडणारे
हेच पहिले पाहुणे.

मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे.
रात्री दोनदा उठायचो,
टॉर्च लावून गोणपाटाचं टोक उचलायचो
तान्ह्याचं दुपटं उचलावं तसं.
ओल्या कोपऱ्यात सगळी एकमेकांत गुंतलेली,
उजेड पडताच खाली सरकणारी.
मग झोप लागायची.

खत निघालं चहापत्तीसारखं.
घमेलं घमेलं झाडांना दिलं.
दोन वर्षं काही दिसलं नाही.
म्हणजे, मला दिसलं नाही.

काल आळं उकरताना रेवनाथ थांबला.
फावड्याच्या पात्याशी एक गांडूळ,
करडं, लांब, थंड.
डब्यातल्यांच्या जातीचं नव्हे.
"हे कुठून आणलं?"
आणलं नाही.
लहानपणी नाल्यावर गळाला लावायचो, ते हे.
इतकी वर्षं कुठं होतं
कुणाला विचारावं?

त्याच्या हातातलं फावडं घेऊन
मी बांधावर ठेवलं.
उरलेलं आळं
दोघांनी बोटांनीच उकरलं.