हजार चार

लिफाफे मी बंद करतो.
ट्रान्सक्रिप्ट विभाग, खिडकी क्रमांक तीन.
लाख वितळवायची, मोहर दाबायची,
जोडावर आडवी सही, अर्धी झाकणावर, अर्धी खाली,
म्हणजे मधे कोणी उघडलं तर कळावं.
एकोणीस वर्षं झाली. मधे कोणी उघडलं नाही.

मे महिन्यात कूलरच्या वाऱ्यानं मेणबत्ती विझते,
म्हणून कूलर बंद.
घामेजल्या मनगटाखाली टिपकागद ठेवून
मी पोरांचे गुण बाहेर पाठवतो.
कुणाला पाच प्रती, कुणाला आठ.
झिरो माइलच्या दगडावर चांदा आहे, शिवनी आहे, जबलपूर आहे.
आइंडहोवन नाही.

गोळीबार चौकातला धकात्यांचा प्रणय.
बाप हातमागावरून पॉवरलूमवर, तिथून ऑटोवर.
शेवटच्या वर्षी यानं मेडिकलच्या ओपीडीला
टोकनची पाटी करून दिली, फुकट.
टिंग. लाल आकडा. टिंग.
माणसं पहिल्यांदा बाकावर बसली,
एकमेकांच्या अंगावर नाही.
त्याचे सहा लिफाफे मीच बंद केले.
लाख जरा जास्तच लावली.
संत्रा बर्फी घेऊन आला होता.

आता त्याच बाकावर मी बसून राहिलो,
मांडीवर बायकोचा एक्स-रे.
साडेअकराला पाटी नऊशे नव्व्याण्णववर येते
आणि काळी पडते.
तीनच घरं ठेवली पोट्ट्यानं.
एका दिवसात हजार माणसं येतील
असं त्याला वाटलं नाही.
मलाही कुठं वाटलं असतं!
कंपनीवाले येऊन बघून गेले, म्हणाले, नवीनच घ्या.
फाईल फिरून राहिली.

रात्री मेसेज टाकला. तिकडे अजून उजेड होता.
‘काका, एकच ओळ बदलायची आहे.
पण पासवर्ड आठवत नाही.
आईच्या गॅसच्या डायरीत लिहिला होता बहुतेक.’
आई म्हणाली, ती डायरी तर रद्दीत गेली बाप्पा,
किलोला बारा रुपये.
तो तिथे विमानतळावरच्या रांगा सरळ करतो,
असंही म्हणाली.

सिक्युरिटीचा उईके स्टुलावर चढतो.
नऊशे नव्व्याण्णवच्या पुढचं सगळं त्याच्या गळ्यावर आहे.
‘हजार एक! हजार दोन!’
गळा बसला की नर्सबाई ओरडते.
मागून एक म्हातारी विचारते,
‘ते बनवणारं पोट्टं गेलंच कावून?’
मी एक्स-रे उजेडाकडे धरतो,
जणू मला त्यातलं काही कळतं.

‘हजार चार! कोण हाय हजार चार?’

मी हात वर करतो.
नखात लाख अडकलेली असते.